चुलवाणाच्या तोंडाशी पाच दिवस

मुळशीला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी विचारलं, धरण पाहिलं का, डोंगरात फिरलात का, फोटो दाखवा. धरण मी पाहिलं नाही. डोंगर लांबून दिसले, वाळल्या गवताच्या रंगाचे. पाच दिवस मी नेरे गावच्या शिवारात एका गुऱ्हाळावर होते आणि त्यातला बराचसा वेळ चुलवाणासमोर काढला. चुलवाण म्हणजे ती मोठी भट्टी, जिच्यावर काहील, म्हणजे भलीमोठी पसरट कढई, चढवून उसाचा रस आटवतात. परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी माझा राग उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांना हिरव्या डोंगरांचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं.

मी पंचगंगेच्या काठची. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि गुळाच्या वासात वाढले. अभिजित माझा विद्यार्थी. नववीत उष्णतेच्या धड्यावर इतके प्रश्न विचारायचा की तास पुरायचा नाही. आता तो हिंजवडीत एका कंपनीत आहे. त्याचा फोन आला, "बाई, तुम्ही शिकवलेली उष्णता अखेर उपयोगी पडली. इथल्या एका गुऱ्हाळाचं चुलवाण मी सुधारलंय. रविवारी आजूबाजूचे गुऱ्हाळवाले बघायला येणार आहेत. तुम्ही चार दिवस आधीच या." माझा ऊर भरून आला. कुठल्या शिक्षिकेचा येणार नाही?

पहिला दिवस, नेरे

हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की थोड्याच वेळात ऊस लागतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ऊसही कसा, तर तुकड्यातुकड्यांनी. एका बांधाला ऊस, पलीकडे पत्रे ठोकून आत उंच इमारतीचा सांगाडा, मग पुन्हा वीतभर ऊस. आमच्याकडे उसाच्या फडात शिरलं की आभाळ सोडून काही दिसत नाही. इथे उसाच्या तुऱ्यांवर क्रेन दिसते.

गुऱ्हाळ दत्ताभाऊंचं. वडिलोपार्जित जमीन, त्यातली काही विकलेली, घरावर दोन मजले चढवून खोल्या भाड्याने दिलेल्या. त्यातलीच एक रिकामी खोली मला दिली. माणूस अगत्याचा. "मॅडम, तुमी अभिजित सायबांच्या गुरू. म्हंजी आमच्या बी." त्यांच्या घरी दुपारी तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि इंद्रायणीचा मऊ, चिकटसर भात जेवले. आमच्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या जिभेला तांदळाची भाकरी फिकी लागते, पण त्या भाताचा वास मात्र हातावर संध्याकाळपर्यंत राहिला. जेवणाला मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवायला पुढे पुष्कळ आहे.

गुऱ्हाळाच्या फाटकावर मोठा फलक होता: रसायनमुक्त नैसर्गिक गूळ, धूरमुक्त आधुनिक चुलवाण. फाटकातच रसासाठी टोकन घ्यायची खिडकी. आमच्याकडे गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला रस आणि गरम गूळ मागावा लागत नाही, आधी हातात पेला येतो आणि मग ओळख विचारतात. शहराच्या इतक्या जवळ ते कसं परवडणार, अशी मी मनाची समजूत घातली.

अभिजितने सगळं हौसेने दाखवलं. चुलवाणाच्या तोंडाशी वारा घालणारा ब्लोअर बसवला होता. काहिलीच्या कडेला आणि चिमणीला तापमापक होते. सगळे आकडे त्याच्या आणि दत्ताभाऊंच्या फोनवर यायचे. "बाई, जाळ कमी झाला की फोन वाजतो. मग ब्लोअर वाढवायचा. आता अंदाजाचा कारभार संपला."

"चिपाड किती लागतं?" मी विचारलं. रस काढून उरलेला उसाचा चोथा म्हणजे चिपाड. ते वाळवून जाळायचं, त्यावरच रस आटवायचा. उसाच्याच चिपाडावर उसाचा गूळ व्हावा आणि बाहेरून काडीही आणावी लागू नये, ही चांगल्या चुलवाणाची खूण. आमच्या गावात तर चिपाड उरायचं.

"पुरतं साधारण," तो म्हणाला आणि फोनकडे बघू लागला. नववीत गृहपाठ राहिला की तो असाच वहीकडे बघायचा. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या दिवशी एवढंच झालं की मी अंगणात उभी असताना खांद्यावर काहीतरी पडलं आणि चटका बसला. चिमणीतून उडालेलं, अर्धवट जळलेलं चिपाडाचं तूस. सुनेने दिलेल्या नव्या शालीला रुपयाएवढं भोक पडलं. दत्ताभाऊंनी दहादा माफी मागितली. मी शालीकडे बघत नव्हते, चिमणीकडे बघत होते. जे काहिलीखाली जळायचं ते माझ्या खांद्यावर येऊन पडलं होतं.

दुसरा दिवस, टेम्पो

सकाळी चहा घेऊन गुऱ्हाळावर गेले तर मागच्या बाजूला टेम्पो उभा. उरवड्याकडच्या कुठल्याशा कारखान्यातून आलेला. त्यातून पोती उतरत होती. एक पोतं फाटलेलं होतं म्हणून आत काय ते दिसलं. फोमचे तुकडे, रबराच्या कापलेल्या पट्ट्या, चिकटपट्टीची गुंडाळी.

मी चुलवाणाच्या खड्ड्यात उतरले. तिथे एक बाई जाळ घालत होती. पन्नाशीची, लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला ओला पंचा, भुवया जळून विरळ झालेल्या. शेजारी उत्तर प्रदेशातला रामसजन नावाचा माणूस चिपाडाचे भारे ओढून देत होता. बाईने दोन भारे आत ढकलले आणि तिसऱ्या खेपेला पोत्यातला फोम. आतून काळा लोळ उठला. तिने तोंड फिरवलं आणि खोकू लागली. वर काहिलीत रस उकळत होता. फाटकावर नैसर्गिक गुळाचा फलक होता.

दत्ताभाऊ भेटले तेव्हा मी माझा आवाज वर्गात चढवायचे तेवढा चढवला. ते गडबडले, पण खोटं बोलले नाहीत.

"मॅडम, चिपाड पुरत न्हाई. रस काडला की थांबता येत न्हाई, आंबतो. मग काय करू? ह्ये लोक फुकट आणून देत्यात."

"आणि खाणारे?"

"धूर चिमणीतनं जातोय की. गुळात कुटं जातोय?"

"ती बाई खोकतेय ती?"

मी अभिजितला ऑफिसात फोन लावला. त्याला ठाऊक होतं. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं!

"बाई, ते तात्पुरतं आहे. पुढच्या हंगामात सिस्टीम नीट बसली की बंद करू."

"आणि रविवारी लोकांना काय सांगणार आहेस?"

"पोती मागे असतात, बाई. ती कुणाला दिसणार नाहीत."

मी फोन ठेवला. मुलगा लबाड निघाला याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग माझ्यावर होता. छत्तीस वर्षं मी मुलांना सूत्रं पाठ करून दिली, आकडा आला की उत्तर बरोबर म्हणून खूण केली. आकड्याच्या मागे पोतं लपवता येतं, हे त्यांना मीच शिकवलं नव्हतं ना?

परत खड्ड्यात जाऊन बसले, कारण दुसरीकडे बसायची इच्छा नव्हती. जाळ घालणाऱ्या बाईचं नाव छबूताई. नेऱ्याचीच, नवरा मारुंजीकडे एका सोसायटीत रखवालदार. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी साळंत शिकिवता न्हवं? मंग वर जावा आन् काहील बगून या. उकळी कुटं फुटतीया त्ये सांगा."

मी वर गेले. काहील चांगली ऐसपैस, तीन माणसं आडवी झोपतील एवढी. रस एकाच अंगाला, चिमणीच्या बाजूला, भसाभसा उकळत होता. चुलवाणाच्या तोंडाच्या बाजूला नुसती वाफ होती आणि फेस निवांत तरंगत होता. आदल्या दिवशी मी याच काहिलीसमोर तासभर उभी राहून अभिजितचा फोन बघितला होता, काहील बघितली नव्हती.

खाली येऊन सांगितलं तसं ती म्हणाली, "आता तुमीच सांगा, जाळ मी हितं घालतीया आन् शिजतंय तितं. त्यो पंखा जाळाला ढकलत न्हेतो, जाळ काहिलीच्या बुडाला लागायच्या आदीच चिमणीत पळतोय. वर्तं गेल्यावर तापवायचं काय, आभाळ?"

एखाद्या पाठ्यपुस्तकात इतकं स्पष्ट लिहिलेलं मी वाचलेलं नाही. हवा कमी पडली तर धूर होतो. जास्त पडली तर ती जादा हवा आपणच तापवायची आणि चिमणीतून घालवून द्यायची. पुन्हा तिच्याबरोबर न जळलेलं तूसही उडून जातं. हे मला येत होतं. दिसलं मात्र तिला.

"मग उपाय?"

"आमच्या घरच्या चुलीत भाकर एका अंगालाच करपायची. तवा मी चुलीच्या मदोमद दगुड ठिवला. जाळ दगडावनं चढून तव्याला लागाय लागला. हितं बी तसाच उंबरा पायजे. काहिलीच्या बुडाखाली, मदी, इटांचा. आन् त्यो पंखा बंद. तोंडावर पत्रा, निम्मं तोंड झाकंल असा. आन् मूठमूठ चिपाड घालायचं, भारा ढकलायचा न्हाई."

"अभिजितला सांगितलंस?"

"तीनदा. 'हो मावशी, बघू' म्हनला. मंग मी बी गप झाले. फोन वाजला की दत्ताभाऊ वरनं वरडत्यात, जाळ वाडव. मी वाडवते. तरी फोन वाजतोच."

आमच्याकडे गूळ शिजवणारा गुळव्या आणि जाळ घालणारा यांच्यात दिवसभर हाका चालतात. जाळ दे, जाळ ओढ, थांब, आता नुसता निखारा ठेव. दोघांनाही एकमेकांची भाषा कळलेली असते. इथे त्या हाकांच्या जागी फोनचा टूं टूं आवाज होता, आणि खाली खड्ड्यात उत्तर माहीत असलेली बाई फोम जाळत होती.

दुपारी चरकाचा पट्टा तुटला. ऊस गाळायचं बंद झालं. दत्ताभाऊ डोक्याला हात लावून बसले. नवीन पट्टा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येणार होता. मी म्हटलं, "तोवर चुलवाण थंडच आहे. छबूताई म्हणते तसा उंबरा घालून बघू. नाही जमलं तर मी स्वतः विटा काढून देईन." ते तुटलेला पट्टा गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "न्हाई तरी बसूनच हाय. करा."

तिसरा दिवस, उंबरा

साखळीला अडकवून काहील उचलली. खाली भट्टीत अजून ऊब होती. छबूताई पायाला पोती बांधून आत उतरली. कुठून तरी उरलेल्या भाजक्या विटा दत्ताभाऊंनी काढून दिल्या, रामसजनने चिखल मळला. मी वरून टॉर्च धरला. एवढंच माझं शास्त्र कामी आलं.

ती मोजमाप हातानेच करत होती. एक हात पुढे, दोन हात, मग थांबून भिंतीवरची काजळी बघायची. जिथे काजळी दाट तिथे जाळ रेंगाळतो, जिथे वीट पांढरी पडलीय तिथे तो पळतो, असं तिने मला खालूनच समजावलं. गुडघ्याएवढ्या उंचीचा उंबरा झाल्यावर तिने दोन विटा काढल्या, म्हणाली, "ह्याच्यापेक्षा उच नको, न्हाईतर जाळ कोंडंल." राखेचा खड्डा तिने हाताने उपसून मोकळा केला, म्हणजे खालून हवा यायला वाट झाली. तोंडावर पत्रा टेकवला. ब्लोअरची वायर रामसजनने काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मैडम, साहब पूछेंगे तो आपका नाम लूँगा." मी म्हटलं, "अवश्य."

पट्टा आला, चरक सुरू झाला, रस पडला. मी वही घेऊन गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्याजवळ बसले आणि प्रत्येक भारा आत जाण्याआधी तोलून लिहायला लावला. आदल्या दिवशी मी नुसतेच भारे मोजले होते. एका काहिलीला चौदा, शिवाय दोन पोती. आज कुणीही मला म्हणू नये की म्हातारीने अंदाजाने सांगितलं.

पहिला अर्धा तास कठीण गेला. चुलवाण थंड झालेलं, ओली चिखलमाती, जाळ धरेना. दत्ताभाऊ वरून दोनदा डोकावून गेले. छबूताई मात्र मूठमूठ चिपाड टाकत बसली होती, आत बघत, मान थोडी वाकडी करून. मग तिने पत्रा चार बोटं सरकवला आणि म्हणाली, "जावा वर."

रस काहिलीच्या मधोमध उकळत होता. मध्यापासून चारही बाजूंना, सारखा. मळी सगळीकडून एकदम वर येत होती आणि झाऱ्याने काढणाऱ्या माणसाची तारांबळ उडाली होती. चिमणीवर पांढुरकी रेघ तेवढी होती. अंगणात ठिणगी नव्हती.

पहिल्या काहिलीला दहा भारे लागले. दुसरीला, चुलवाण तापलेलं असल्यामुळे, नऊ. पोतं एकही फोडलं नाही. संध्याकाळी अंगणात वाळलेलं चिपाड शिल्लक होतं आणि दत्ताभाऊ त्या ढिगाभोवती फिरत होते.

"मॅडम, ह्ये खरंच उरलं?"

"मला काय विचारता? ती तिथे बसलीय."

ते तिच्याकडे गेले, म्हणाले, "ब्येस झालं." ती म्हणाली, "पोती आता नगा आणू." त्यांनी मान हलवली. टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ही एक गोष्ट खरी झाली आणि टिकली. रागाच्या भरात तीही विसरायला नको.

अभिजित ऑफिस सुटल्यावर आला. वही बघितली, काहील बघितली, खड्ड्यात उतरून उंबऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. चेहरा पडला होता. "मला सुचायला हवं होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुला सांगितलं होतं. तीनदा." त्याने छबूताईकडे पाहिलं आणि "सॉरी मावशी" म्हणाला. मला वाटलं, झालं, पोरगा ताळ्यावर आला. मी किती भोळी आहे हे रविवारी कळलं.

रविवार

मधला शनिवार मी सोडते. त्या दिवशी गुऱ्हाळ सुरळीत चाललं आणि मी भुकूमला एका मैत्रिणीकडे जाऊन आले. तिथल्या नव्या सोसायटीत तिने मला चहा दिला आणि विचारलं, साखर की ऑरगॅनिक गूळ? मी साखर घेतली.

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. आसपासचे गुऱ्हाळवाले, काही तरुण मंडळी, तालुक्याहून आलेले दोन साहेब. मोटारीतून आलेली कुटुंबं काहिलीसमोर फोटो काढत होती. भिंतीवर पांढरा पडदा. अभिजित उभा राहिला आणि बोलू लागला. उष्णतेचं वहन, हवेचं प्रमाण, मग पडद्यावर उंबऱ्याचं चित्र आलं. सुबक, रंगीत, बाण दाखवलेलं. "दुसऱ्या टप्प्यात आमच्या टीमने हा अडथळा डिझाइन केला." माझ्या वहीतले भाऱ्यांचे आकडे त्यावर होते. टाळ्या झाल्या.

छबूताई त्या वेळी पडद्यापासून पंधरा पावलांवर, खाली खड्ड्यात, जाळ घालत होती. तिला वर बोलावलंसुद्धा नव्हतं, कारण ती वर आली असती तर काहील थांबली असती.

मी उठले. मला आठवतं तसं सांगते, थोडंफार इकडेतिकडे होईल. "अभिजित, टीममध्ये कोण कोण आहे?" तो म्हणाला, "बाई, नंतर बोलू." मी म्हटलं, "नंतर हे लोक जातील. हा उंबरा त्या खड्ड्यातल्या छबूताईने सांगितला, तिने बांधला, तू तिचं तीनदा ऐकलं नाहीस. या चुलवाणात परवापर्यंत फोम आणि रबर जळत होतं, तेही सांग. फलक तेव्हाही हाच होता."

एक साहेब घड्याळ बघू लागले. मोटारीतल्या एका बाईने हातातली गुळाची पिशवी हळूच खुर्चीवर ठेवली. दत्ताभाऊंचा चेहरा काळवंडला. अभिजित उभाच होता, कानापर्यंत लाल. मागच्या रांगेतून एकाने, कासारसाईच्या अंगाला गुऱ्हाळ असलेल्या बबनरावांनी, विचारलं, "पर उंबरा किती उच घ्यायचा?" अभिजित म्हणाला, "ते कॅल्क्युलेशन करून सांगावं लागेल." आणि कार्यक्रम संपला. चहा झाला. माझ्याशी कुणी बोललं नाही.

माणसं पांगल्यावर मी खड्ड्यात उतरले, शाबासकीच्या अपेक्षेने म्हणा हवं तर. छबूताई वळून बघेना.

"बाई, तुमाला कुनी सांगितलं व्हतं बोलाया?"

"मला राहवलं नाही."

"तुमाला ऱ्हावलं न्हाई. तुमी उद्या गाडीत बसून जाल. मला हितंच ऱ्हायचं हाय."

मी खड्ड्यातून वर आले.

सोमवार

सोमवारी सकाळी खड्ड्यात एकटा रामसजन होता. त्याने मला बघून मान खाली घातली. "उनको मना कर दिया, मैडम. अब एक आदमी से हो जाता है, बोले." तो गुऱ्हाळाच्याच पत्र्याच्या खोलीत राहतो, पहाटेपासून रात्रीपर्यंत हाताशी असतो, त्याला नाही म्हणता येत नाही. राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता.

चिपाड कमी लागतं, म्हणून भारे कमी ओढावे लागतात, म्हणून दोन माणसांची गरज नाही. जिने जाळ वाचवला तिचंच काम त्या वाचलेल्या जाळाबरोबर गेलं. वही माझी होती. चौदा, दहा, नऊ, हे मीच ठळक अक्षरात लिहून दिलं होतं. माझं बोलणं नडलं की माझी वही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

दत्ताभाऊंच्या घरी गेले. चहा न घेता बोलले. ते म्हणाले, "मॅडम, तुमी पाव्हण्या हाय, म्हणून ऐकून घेतोय. धंदा माझा हाय. काल तुमी माझ्या दारात माझी इज्जत काडली." मी म्हटलं, "तुमची इज्जत टेम्पोतून येत होती." त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. खोली मी तासाभरात रिकामी केली. दत्ताभाऊंच्या बायकोने दारात मला न विचारता पिशवीत तांदूळ घातला, डोळे न उचलता.

अभिजित धावत आला. रात्री झोपला नव्हता बहुतेक. "बाई, मी प्रेझेंटेशनमध्ये त्यांचं नाव घालतो. पहिल्याच पानावर."

"नाव खाऊन तिचं घर चालणार आहे का? तिला काम परत मिळवून दे."

"मालक ते आहेत. मी काल रात्री त्यांच्याशी भांडलो. ऐकत नाहीत."

तो खरं सांगत होता, ते त्याच्या आवाजावरून कळलं. मी त्याला माफ केलं नाही. पण त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी आकडा लिहिताना तो कुणी मोजला ते शेजारी लिही." मग त्याच्या मोटारीत न बसता छबूताईचं घर विचारत निघाले.

माफी मागायला गेले होते. दारात ती चप्पल घालूनच उभी होती.

"आलात? बरं झालं. मी कासारसाईला निघालीया. त्यो बबनराव उंबऱ्याचं इचारत व्हता न्हवं? येता का संगट?"

"तू रागावली होतीस."

"अजून हाय की. चला."

रिक्षात आम्ही एकमेकींना खेटून बसलो. रस्ता निम्मा खणलेला, डंपरची धूळ, आणि मधूनच एखाद्या वळणावर उसाचा ओला वास. ती वाटेत एवढंच म्हणाली की चौदा वर्षं तिने एकच चुलवाण बघितलं, दुसरं आतून कसं असतं ते तिला बघायचं होतं.

बबनरावांनी मला ओळखलं. "या या मॅडम, काल लई ब्येस बोललात." माझ्यासाठी खुर्ची आणली, पुसली. एकच आणली. छबूताईने खुर्चीची वाटच बघितली नाही. त्यांचं चुलवाण त्या दिवशी साफसफाईसाठी बंद होतं. तिने पदर खोचला, वाकून तोंडातून आत शिरली आणि दिसेनाशी झाली. आतून हात फिरवल्याचा, राख सरकवल्याचा आवाज येत राहिला. बबनराव मला त्यांच्या चिपाडाची अडचण सांगत होते, मी ऐकत होते, पण कान तिकडे होता.

ती बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत काळी होती. "तुमची काहील दत्ताभाऊंपेक्षा मोटी हाय आन् चिमणी बुटकी. उंबरा मदोमद चालायचा न्हाई. म्हागं घ्यावा लागंल. आन् राखंचा खड्डा उथळ हाय, त्यो आदी खणा."

बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, बरुबर हाय का ह्ये?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. छत्तीस वर्षांत कुणी प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं नाही, असं झालेलं नाही. मी ओठ मिटले आणि मान वळवून त्यांच्या चिमणीकडे बघत राहिले. बबनराव थांबले. पुन्हा "मॅडम?" म्हणाले. मी चिमणीकडेच बघत होते. कुठूनतरी डंपरचा भोंगा वाजला.

शेवटी ते तिच्याकडे वळले.

"किती हात म्हागं घ्यायचा, ताई?"

छबूताईने पदराने हात पुसले, सावकाश, एकेक बोट. मग म्हणाली, "ते सांगते. आदी मजुरीचं बोला. जाळवालीची न्हवं, मिस्त्रीची."